आकड्यामागचे एकक

(वस्तू लहान असूनही जड का असते, मोठी असूनही हलकी का असते, हे घनतेवरून कळते. घनता सांगताना आकड्याबरोबर एकक सांगणे किती आवश्यक आहे, हे या पाठात एका खऱ्या घटनेच्या आधारे समजावून दिले आहे.)

‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ हे कोडे तुम्ही ऐकले असेल. उत्तर सोपे आहे. दोन्हींचे वजन सारखेच. तरीही पुष्कळ मुले पटकन ‘लोखंड’ असे उत्तर देतात. असे का होते? कारण त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच मापाच्या दोन वस्तू उभ्या राहतात. एक डबा भरून कापूस आणि तोच डबा भरून लोखंड घेतले, तर लोखंडाचा डबा आपल्याला उचलणारही नाही.

सारख्याच जागेत कोणत्या पदार्थाचे किती वस्तुमान मावते, हे ज्या मापाने सांगतात त्या मापाला घनता म्हणतात. उर्दूत आपण तिला ‘कसाफत’ म्हणतो. वस्तुमानाला आकारमानाने भागले, की घनता मिळते.

घनता = वस्तुमान ÷ आकारमान

एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक किलो असते. म्हणून पाण्याची घनता दर लिटरला एक किलो. पाण्यापेक्षा ज्याची घनता कमी, तो पदार्थ पाण्यावर तरंगतो. ज्याची घनता जास्त, तो बुडतो. लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.९ पट आहे, म्हणून खिळा पाण्यात टाकताच तळाला जातो. तेल व रॉकेल पाण्याहून हलके, म्हणून ते पाण्यावर तरंगतात.

खाण्याच्या तेलाचे एक लिटरचे पाकीट घरी आले, की त्यावरील छापील मजकूर वाचा. तेथे ‘१ लिटर’ आणि ‘९१० ग्रॅम’ अशी दोन्ही मापे दिसतील. म्हणजे या तेलाची घनता दर लिटरला ०.९१ किलो. आता समजा, एका दुकानात तेल किलोच्या भावाने मिळते आणि दुसऱ्या दुकानात लिटरच्या भावाने. दोन्हीकडे भाव सारखाच आहे. मग स्वस्त कोठे? किलोने घेतले तर आपल्याला पूर्ण १,००० ग्रॅम तेल मिळेल. लिटरने घेतले तर ९१० ग्रॅमच मिळेल. किलो आणि लिटर एकच समजणारा माणूस प्रत्येक पाकिटामागे ९० ग्रॅम तेलाचे पैसे जास्त देतो.

हा तोटा काही रुपयांचा झाला. परंतु एकदा अशाच हिशेबातील चुकीने ६९ माणसांचे प्राण संकटात सापडले होते.

ही घटना कॅनडा देशातील आहे. तारीख होती २३ जुलै १९८३. एअर कॅनडा या कंपनीचे एक प्रवासी विमान मॉन्ट्रियल शहरातून निघून, ओटावा येथे थोडे थांबून, एडमंटन या दूरच्या शहरी जाणार होते. विमान बोइंग ७६७ या जातीचे आणि अगदी नवे होते. विमानाचे मुख्य वैमानिक होते बॉब पिअर्सन. सहवैमानिकाचे नाव होते मॉरिस क्विंटल. नाव वाचून तुम्हांला धान्याच्या पोत्यांची आठवण होईल. पण ते त्यांचे आडनाव होते.

विमानाच्या टाकीत किती इंधन आहे, हे दाखवणारे मापक त्या दिवशी बिघडले होते. म्हणून इंधन हाताने मोजायचे ठरले. विमानाच्या पंखाखाली त्यासाठी मोजपट्ट्या असतात. पट्टीवरचे सेंटिमीटर वाचायचे आणि तक्त्यात पाहून लिटर काढायचे, अशी ती पद्धत होती. टाकीत ७,६८२ लिटर इंधन असल्याचे आढळले. हे माप बरोबर होते.

प्रवासाला लागणारे इंधन मात्र लिटरमध्ये सांगितलेले नव्हते. ते किलोमध्ये होते. याला कारण आहे. उन्हाने इंधन प्रसरण पावते व थंडीने आकुंचन पावते. त्यामुळे त्याचे लिटर बदलतात, पण वस्तुमान बदलत नाही. इंजिनाला किती शक्ती मिळणार, ते वस्तुमानावरून ठरते. या प्रवासासाठी २२,३०० किलो इंधन हवे होते.

आता टाकीतील लिटरचे किलो करायचे होते. त्यासाठी इंधनाची घनता हवी. विमानाचे इंधन म्हणजे रॉकेलसारखेच, पण अधिक शुद्ध केलेले तेल. इंधन भरणाऱ्यांच्या कागदावर एक आकडा लिहिलेला होता : १.७७. त्या आकड्यापुढे एकक नव्हते. तेथे असलेल्या मंडळींनी तोच आकडा घेतला आणि हिशेब मांडला.

टाकीतील इंधन : ७,६८२ × १.७७ = १३,५९७ ‘किलो’
आणखी हवे : २२,३०० – १३,५९७ = ८,७०३ ‘किलो’
म्हणजे : ८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७ लिटर

तेवढे इंधन भरले. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, सगळे बरोबर होते. चूक वेगळीच होती. १.७७ हा आकडा दर लिटरला किती पौंड, हे सांगणारा होता. दर लिटरला किती किलो, हे सांगणारा आकडा होता ०.८०३.

एक किलो म्हणजे सुमारे २.२०५ पौंड. ०.८०३ ला २.२०५ ने गुणून पाहा. उत्तर १.७७ येईल. दोन्ही आकडे एकाच इंधनाचे, दोन्ही खरे. फक्त त्यांची एकके निराळी. कागदावर १.७७ पुढे ‘पौंड’ हा एक शब्द असता, तर कोणीतरी नक्कीच थांबून विचार केला असता.

खरा हिशेब असा व्हायला हवा होता :

टाकीतील इंधन : ७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो
आणखी हवे : २२,३०० – ६,१६९ = १६,१३१ किलो
म्हणजे : १६,१३१ ÷ ०.८०३ = सुमारे २०,०८८ लिटर

वीस हजार लिटर भरायचे, तेथे पाच हजारही भरले नाहीत. विमानात २२,३०० किलोऐवजी सुमारे २२,३०० पौंड, म्हणजे १०,१०० किलोच्या आसपास इंधन होते. निम्म्याहूनही कमी! ओटावाला विमान थांबले, तेव्हा इंधन पुन्हा मोजण्यात आले. पण हिशेबाला पुन्हा तोच आकडा वापरला, त्यामुळे चूक उघडकीस आली नाही.

ओटावाहून विमान निघाले. ते ४१,००० फूट, म्हणजे सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीवर असताना धोक्याचा इशारा वाजू लागला. वैमानिकांनी विमान जवळच्या विनिपेग शहराकडे वळवले. इतक्यात डावे इंजिन बंद पडले. थोड्याच वेळाने उजवेही बंद पडले. इंजिने थांबताच वीज गेली आणि समोरचे बहुतेक पडदे काळे झाले. वाऱ्याच्या जोरावर फिरणारा एक लहान पंखा अशा वेळी विमानाबाहेर येतो. त्याच्या शक्तीवर विमान कसेबसे वळवता येत होते.

सहवैमानिक क्विंटल यांनी हिशेब केला. विमान किती पुढे जाते आणि तेवढ्यात किती खाली येते, हे पाहून त्यांच्या लक्षात आले, की विनिपेगपर्यंत पोहोचणे शक्य नाही. पूर्वी ते कॅनडाच्या हवाई दलात असताना गिमली नावाच्या गावच्या तळावर राहिलेले होते. तो तळ बंद झाला होता; पण धावपट्टी अजून असेल, हे त्यांना आठवले. विमान तिकडे वळवण्यात आले.

त्या दिवशी त्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत्या. अनेक कुटुंबे मुलाबाळांसह तेथे जमली होती. इंजिने बंद असल्याने विमानाचा आवाजही येत नव्हता. विमान अजून फार उंच होते आणि पुन्हा चक्कर मारून येण्याची सोय नव्हती. पिअर्सन यांना इंजिन नसलेली ग्लायडर विमाने चालवण्याचा चांगला सराव होता. ग्लायडर जसे एका अंगाला तिरके करून उंची घटवतात, तसे त्यांनी हे अवाढव्य विमान तिरके करून खाली आणले. इंजिने बंद पडल्यापासून सुमारे १७ मिनिटांनी विमान जमिनीला टेकले. पुढचे चाक नीट बसले नव्हते, म्हणून विमानाचे नाक धावपट्टीवर घासत गेले आणि विमान लोकांच्या अलीकडेच थांबले. नाकाशी लागलेली लहानशी आग शर्यतीच्या मंडळींनी विझवली. काही प्रवाशांना किरकोळ दुखापती झाल्या. पण ६१ प्रवासी व ८ कर्मचारी असे सर्वच्या सर्व ६९ जण वाचले. पुढे ते विमान दुरुस्त झाले आणि २००८ सालापर्यंत वापरात होते. लोक त्याला ‘गिमली ग्लायडर’ या नावानेच ओळखू लागले.

आता प्रश्न असा, की जाणत्या माणसांच्या हातून असे कसे घडले? न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवुड यांच्या आयोगाने याची चौकशी केली. त्या काळी कॅनडात फूट, पौंड, गॅलन यांची जुनी पद्धत जाऊन मीटर, किलो, लिटर यांची मेट्रिक पद्धत येत होती. कंपनीच्या आधीच्या विमानांत इंधनाचा हिशेब पौंडांत होई. हे नवे विमान किलोचे होते. आधीच्या मोठ्या विमानांत इंधनाचा हिशेब करायला तिसरा अधिकारी असे. नव्या विमानात दोनच वैमानिक होते. मग हा हिशेब कोणी करायचा, हे स्पष्ट ठरलेले नव्हते आणि त्याचे शिक्षणही नीट दिलेले नव्हते. म्हणजे दोष एकाच माणसाचा नव्हता. माप बदलले, पण माप वापरण्याची सवय बदलली नाही.

आपल्या देशानेही असा बदल पाहिला आहे. पूर्वी आपल्याकडे शेर, मण, छटाक, तोळा अशी मापे होती. शिवाय ठिकठिकाणचा शेर वेगवेगळा असे. सरकारी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता आणि असे चाळीस शेर मिळून एक मण, म्हणजे सुमारे ३७.३ किलो होत असे. १९५६ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्या काळात ‘किती?’ एवढे विचारून भागत नसे. ‘कोणत्या मापाने?’ असेही विचारावे लागे.

घनतेच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. लांबीत एकच एकक असते. घनतेत दोन असतात : एक वस्तुमानाचे आणि एक आकारमानाचे. दोन्हींपैकी एक जरी बदलले, तरी आकडा बदलतो. त्याच विमानातल्या त्याच इंधनाची घनता वेगवेगळ्या एककांत कशी दिसते, ते पाहा :

दर लिटरला ०.८०३ किलो
दर घनमीटरला ८०३ किलो
दर लिटरला १.७७ पौंड
दर घनफुटाला ५०.१ पौंड
दर ब्रिटिश गॅलनला ८.०५ पौंड
दर अमेरिकन गॅलनला ६.७० पौंड

पदार्थ एकच आणि आकडे सहा. गॅलनसुद्धा दोन प्रकारचे आहेत, हे ध्यानात ठेवा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो.

एका एककातून दुसऱ्या एककात जाण्यासाठी पाठांतराची फारशी गरज नाही. वस्तुमान आणि आकारमान, दोन्ही वेगवेगळे बदलायचे आणि मग भागाकार करायचा. उदाहरण घेऊ. पाण्याची घनता दर घनफुटाला ६२.४ पौंड आहे. ती दर लिटरला किती किलो होईल?

पायरी १. पौंडांचे किलो करा. एक पौंड = ०.४५३६ किलो. म्हणून ६२.४ × ०.४५३६ = २८.३ किलो.
पायरी २. घनफुटाचे लिटर करा. एक घनफूट = २८.३ लिटर.
पायरी ३. भागाकार करा. २८.३ किलो ÷ २८.३ लिटर = दर लिटरला १ किलो.

उत्तर आपल्या ओळखीचेच निघाले. एकदा अशा पायऱ्या समजल्या, की एक सोपा गुणांकही वापरता येतो. दर घनफुटाला जेवढे पौंड असतील, त्यांना १६.०२ ने गुणले की दर घनमीटरला किती किलो, ते मिळते. उलट जायचे असेल तर १६.०२ ने भागावे. वरच्या यादीतील ८०३ ला १६.०२ ने भागून पाहा. ५०.१ येते.

हिशेब झाल्यावर शेवटी एक काम राहते. उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे पाहायचे. त्यासाठी पाण्याची घनता फार उपयोगी पडते. विमानाच्या टाकीत ७,६८२ लिटर इंधन होते. तेथे पाणी असते, तर त्याचे वजन सुमारे ७,६८२ किलो भरले असते. रॉकेल तर पाण्यावर तरंगते. मग त्याचे वजन ७,६८२ किलोपेक्षा कमीच असायला हवे. कागदावर मात्र १३,५९७ किलो लिहिले गेले. ज्याने बाटलीत पाण्यावर तरंगणारे तेल पाहिले आहे, त्या मुलालाही ही चूक सापडली असती. त्या दिवशी ही साधी तुलना कोणी केली नाही.

म्हणून मुलांनो, गणिताच्या वहीत उत्तरापुढे एकक लिहिले नाही, की शिक्षक गुण कापतात. तेव्हा राग मानू नका. तो कापलेला अर्धा गुण स्वस्त आहे. एकक नसलेला आकडा म्हणजे पत्ता नसलेले पत्र. ते भलत्याच दारी जाऊन पडते. प्रत्येक पायरीवर एकक लिहा, शेवटी उत्तर पाण्याशी ताडून पाहा. पुढे तुमच्यापैकी कोणी औषधे मोजून देईल, कोणी यंत्र चालवील, कोणी दुकान सांभाळील, कोणी विमानही उडवील. त्या वेळी तुमच्या आकड्यावर विसंबून असलेल्या माणसांना तुमची ही सवय उपयोगी पडेल.

शब्दार्थ

घनता – ठरावीक जागेत मावणारे वस्तुमान
आकारमान – वस्तूने व्यापलेली जागा
एकक – मोजण्याचे ठरलेले प्रमाण
प्रसरण पावणे – पसरणे, फुगणे
आकुंचन पावणे – आक्रसणे, लहान होणे
सहवैमानिक – मुख्य वैमानिकाचा साथीदार
अवाढव्य – खूप मोठे
विसंबून असणे – भरवसा ठेवून असणे
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घनता कशी काढतात?
(आ) प्रवासाला किती किलो इंधन हवे होते?
(इ) विमान कोणत्या गावी उतरले?
(ई) भारतात मेट्रिक पद्धत कधीपासून लागू होऊ लागली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विमानाचे इंधन लिटरऐवजी किलोमध्ये का मोजतात?
(आ) १.७७ हा आकडा खरा असूनही हिशेब का चुकला?
(इ) चौकशीत कोणकोणती कारणे पुढे आली?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) रॉकेल पाण्यावर …………
(आ) एक किलो म्हणजे सुमारे ………… पौंड.
(इ) एकक नसलेला आकडा म्हणजे ………… नसलेले पत्र.

४. गणित सोडवा. प्रत्येक पायरीवर एकक लिहा.
(अ) एका लाकडाची घनता दर घनफुटाला ४० पौंड आहे. ती दर घनमीटरला किती किलो होईल? हे लाकूड पाण्यावर तरंगेल का?
(आ) तेलाची घनता दर लिटरला ०.९१ किलो आहे. १५ लिटरच्या डब्यात किती किलो तेल मावेल?

५. ‘हिशेब’, ‘वजन’, ‘जमीन’, ‘कागद’ हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळतात. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील पाच वस्तूंच्या वेष्टनांवरील मापे वहीत उतरवून घ्या. कोणती वस्तू वस्तुमानाने व कोणती आकारमानाने विकली जाते, याचा तक्ता तयार करून वर्गात लावा.